तरसवाडीचे चार स्टार्ट

“जेवायचा हात म्हणजे येतं. धुवायचा हात म्हणजे येत नाही. कळलं?”

“व्हय गुर्जी!” चौथीची अकरा पोरं एका सुरात ओरडली.

“उद्या साहेबांपुढं मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. एकसुद्धा हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतं त्यानं जेवायचा हात, ज्याला येत नाही त्यानं धुवायचा. मी जेवायच्या हातवाल्यालाच उठवणार. साहेबांना वाटेल, सगळ्या वर्गाला सगळं येतं.”

नाम्यानं शंका काढली. “गुर्जी, येत हुतं पन आत्ताच इसारलं, तर कुटला हात?”

“पाय.”

वर्ग खिदळला. खिदळणं थांबेपर्यंत हौसा हाताची घडी घालून बसली होती. मग तिनं विचारलं, “गुर्जी, ज्या हातानं आपुन रोज जेवतो, त्योच ना?”

“तोच गं बाई. तू तरी असले प्रश्न विचारू नकोस.”

एकदा हात वर करायला लावून तालीम घ्यावी असं माझ्या मनात होतं. पण तेवढ्यात सरपंच दगडूआबा नारळ घेऊन दारात उभे राहिले आणि तालीम राहिली ती राहिलीच.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि तरसवाडीच्या एकशिक्षकी शाळेत चार इयत्तांची एकेचाळीस पोरं सांभाळत होतो. शाळा चौथीपर्यंत. पाचवी सहा किलोमीटरवर, मधे ओढा. पोरगे चालत जायचे, त्यातले निम्मे ओढ्यातच दिवस काढून संध्याकाळी परत यायचे. पोरींचा प्रश्नच नव्हता. चौथी झाली की पोरगी घरी. परगावाहून लग्न करून आलेली पोलीसपाटलीण सोडली तर अख्ख्या तरसवाडीत पाचवी पाहिलेली बाई नव्हती.

म्हणून मी आणि दगडूआबांनी पाचवीचा वर्ग मागितला होता. खात्याचे विस्तार अधिकारी गोंधळेकर म्हणाले, “पाचवीत इंग्रजी असतं, सुतार गुरुजी. तुम्हाला मॅट्रिकला इंग्रजीत किती होते?”

“पस्तीस,” मी म्हणालो. त्यातले पाच कृपेचे होते, हे मी सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही.

“मग असं करा. महिनाभर चौथीला थोडं इंग्रजी शिकवा. मी येऊन एक पाठ बघतो. तुम्हाला शिकवता आलं तर वर्ग. नाही तर नाही.”

मी शब्द निवडला ‘स्टार्ट’. कारण सरळ होतं. तरसवाडीला तेवढाच इंग्रजी शब्द आधीपासून येत होता. विहिरीवरचं इंजिन स्टार्ट व्हायचं, सकाळची यष्टी स्टार्ट व्हायची, आणि चावडीवर दोन म्हातारे समोरासमोर आले की तिसरा म्हणायचा, “झालं यांचं स्टार्ट.” म्हटलं, पोरांच्या तोंडात आहेच, तो फक्त फळ्यावर आणायचा. मग मी पोस्टमास्तरांची पुठ्ठा उडालेली डिक्शनरी मागून आणली आणि घाम फुटला. मला वाटलं होतं हा शब्द एकटादुकटा असेल. त्याचं एकत्र कुटुंब निघालं, अख्खा एक रकाना भरून! त्यातले चार अर्थ मी उचलले. शाळा स्टार्ट होते, म्हणजे सुरू होते. इंजिन स्टार्ट करतात, म्हणजे चालवतात. यष्टी स्टार्ट होते, म्हणजे गावाला निघते. आणि चौथा अर्थ वाचून मला छापण्यात चूक वाटली होती. तिथं लिहिलं होतं, दचकणे.

तो चौथा मी कागदी पिशवी फुगवून, मागून गुपचूप जाऊन फोडून शिकवला. सगळा वर्ग बसल्या जागी हातभर उडाला. “हे बघा, तुम्ही आत्ता स्टार्ट झालात,” मी म्हणालो. त्या दिवसानंतर पोरांना इंग्रजी फार आवडायला लागलं. रोज म्हणायची, “गुर्जी, चौथा घ्या की.” पुढं पुढं मीच वर्गात शिरताना दारामागं बघून शिरायला लागलो. शेवटी ताकीद दिली, “साहेबांपुढं तीनच स्टार्ट. चौथ्याचं नाव काढायचं नाही.”

सगळ्यांत पुढं होती हौसा. तिचा बाप गेनबा ठोंबरे. त्याच्या विहिरीवर हँडल मारून चालू करायचं तेलाचं इंजिन होतं. अशा इंजिनाच्या डोक्यावर एक खिट्टी असते. ती वर धरली की आतली हवा मोकळी सुटते आणि हँडल फिरवणाऱ्याला चाक हलकं जातं. चाकाला वेग आला की खिट्टी सोडायची. वेळेवर सोडली तर इंजिन धडधडतं. आधी सोडली तर हँडल उलटं मारतं. गेनबा हँडल मारायचा आणि दहा वर्षांची हौसा खिट्टी धरायची. दिवाळीत हँडल दांड्यावरून निसटलं आणि तिच्या उजव्या मनगटावर बसलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. पौषात त्या निघाल्या, पोरगी पुन्हा उजव्या हातानं पाटीवर लिहायला लागली, आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

चौथी झाली की शाळा बंद, हौसा घरकामाला आणि खिट्टीवर, हे गेनबानं मला केव्हाच सांगून ठेवलं होतं. “गुर्जी, पोरगी हुशार हाय, म्हनूनच इंजनाला पायजे. माझा पोरगा बसवला तर इंजन आन् मी, दोगंबी हिरीत.”

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून उतरले तेव्हा शाळेच्या दोन्ही खिडक्यांत गाव लोंबकळत होतं. गावात या हुद्द्याला अजून ‘दिपोटी’ म्हणायचे, आणि दिपोटी म्हटलं की पोट आलं, अशी लोकांची कल्पना. गोंधळेकर साहेब निघाले काडीसारखे. खिडकीतून कुणीतरी निराश होऊन म्हणालं, “ह्यो कसला दिपोटी? ह्याला आधी जेवाया घाला.”

दगडूआबा आत येऊन बसले. मांडीवर नारळ, टेबलावर बत्ताशांची कागदी पिशवी. आबांना नारळ फोडायचा भारी सोस. त्यांनी रस्त्याचा नारळ फोडला होता, तालमीचा फोडला होता, सार्वजनिक विहिरीचा तर दोनदा फोडला होता. यांतलं काहीच पुढं सरकलं नव्हतं, पण खोबरं मात्र सगळ्यांनी खाल्लं होतं.

“परवानगी मिळायच्या आधीच नारळ?” साहेबांनी विचारलं.

“हाताशी असावा, सायेब.”

साहेब भिंतीला लावलेल्या खुर्चीवर, पोरांच्या मागं बसले. खिशातून तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली आणि खोली हादरेल असे शिंकले.

आबा उठून उभे राहिले. “सायेब, पाच मिन्टं थांबूया. सुरवातीलाच शिंक झाली.”

“मी दिवसात चाळीस वेळा शिंकतो, सरपंच. मग खात्याचं काम सुरू कधी करायचं? चला गुरुजी.”

मी खडू उचलला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला. हाताला एवढा घाम होता की शेवटचा टी पुसट आला.

“व्हेन डज द स्कूल स्टार्ट?”

अकरा हात वर. सात उजवे, चार डावे. बघून छाती फुगली. नाम्याला उठवला.

“द स्कूल स्टार्ट्स ॲट इलेव्हन!” नाम्या असा ओरडला की जणू शाळेला आग लागली होती.

“गुड. हू स्टार्ट्स द इंजिन?”

पुन्हा अकरा हात. बायजाला उठवलं. तिनं “माय फादर स्टार्ट्स द इंजिन” सांगितलं. तिच्या बापाकडं साधी मोटसुद्धा नव्हती, पण वाक्य बरोबर होतं. मी “गुड” म्हणालो आणि माझी नजर पहिल्या रांगेवर गेली.

हौसाचा डावा हात वर होता. कानाला चिकटलेला, ताठ, बोटं छताकडं.

मला वाटलं, घाबरली. कालपर्यंत चारही स्टार्ट झोपेत म्हणणारी पोरगी आज साहेब बघून सगळं विसरली. तिसरा प्रश्न मी मुद्दाम सोपा घेतला. “व्हेन डज द बस स्टार्ट?” तिच्याकडं बघून जरा हसलोसुद्धा. तिनं डावा हात आणखी वर केला. इतका की बूड जमिनीवरून उचललं गेलं. मी दुसऱ्या पोराला उठवलं. ते “द बस स्टार्ट्स ॲट सेव्हन” म्हणालं. चौथा प्रश्न घेतला. पुन्हा तिचा डावा. आता ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू जेवणाच्या पंगतीत वाढप्यानं तिला एकटीला वगळलं असावं.

“थांबा,” मागून आवाज आला.

साहेब उठून पुढं आले. एकदा हातांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “गुरुजी, तुमच्या वर्गात उत्तरं फार छान येतात. पण उजवीकडूनच येतात. डाव्या अंगाला काय झालंय?”

मी खडू खाली ठेवला. परत उचलला.

“तू गं,” साहेबांनी हौसाकडं बोट केलं. “डावा हात. ऊठ.”

“साहेब, ती जरा...” मी मधे पडलो. “तिचं मनगट मोडलं होतं दिवाळीत.”

“तोंड मोडलंय का?”

हौसा उभी राहिली. खिडकीत सगळ्यांत पुढं गेनबा होता, गजांत तोंड घालून.

“स्टार्ट म्हणजे काय?” साहेबांनी मराठीतच विचारलं.

मी डोळे मिटले. पाचवी गेली.

“कुटला, सायेब?” हौसा म्हणाली.

“कुठला म्हणजे?”

“चार हायेत. तुमाला कुटला पायजे?”

साहेबांची चिमूट डबीतच राहिली. “पहिल्यापासून सांग.”

“पयला शाळंचा. त्यो घंटीनं व्हतो. घंटी वाजली की आपसूक, कुनी काय कराया लागत न्हाय. द स्कूल स्टार्ट्स. दुसरा इंजनाचा. त्यो आपसूक व्हत न्हाय, त्यो करावा लागतो. आधी खिट्टी वर धरायची. बाप हँडल मारतो, तवर दम खायाचा. चाक हलकं पळाया लागलं की मग सोडायची. घाई केली तर इंजन उलटं मारतं. आय स्टार्ट द इंजन. तिसरा यष्टीचा. यष्टीचं इंजन आधीच स्टार्ट झालेलं असतंय, पन यष्टी स्टार्ट व्हत न्हाय, कंडक्टर चा पीत असतो. त्यो आला, घंटी मारली, की मग द बस स्टार्ट्स.”

मी डोळे उघडले. यातला अर्धा पाठ मी शिकवलाच नव्हता. यष्टी स्टार्ट होऊनही स्टार्ट होत नाही, हे माझ्या पस्तीस मार्कांत कुठंही बसलं नव्हतं.

“आणि चौथा?” साहेबांनी विचारलं. ते आता पुढं वाकले होते, चिमूट नाकाशी.

हौसानं माझ्याकडं बघितलं. “चौथा काढू नगा म्हनलेत गुर्जी.”

“मी सांगतो ना. काढ.”

“सांगून जमत न्हाय सायेब. करून दावावा लागतो.”

“मग दाखव!”

मी “हौसा” म्हणेपर्यंत उशीर झाला होता. ती टेबलाशी गेली, बत्ताशांची पिशवी आबांच्या पुढ्यात रिकामी केली, तोंडाला लावून फुगवली, आणि साहेबांच्या कानापाशी फाडकन फोडली.

गोंधळेकर साहेब जागच्या जागी उडाले. डबी त्यांच्याहून उंच उडाली. तपकिरीचा तांबूस ढग खोलीभर पसरला. आबा एक, दोन, तीन शिंकले आणि तिसऱ्या शिंकेला नारळ मांडीवरून सुटून गडगडत चौथीच्या रांगेत शिरला. साहेब छातीवर हात ठेवून उभे. हौसा हात सरळ बाजूला सोडून, प्रार्थनेला उभं राहावं तशी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली,

“द सायेब स्टार्टेड!”

खिडकीतून गेनबाचा आवाज आला, “हौशे, थांब, घरी ये तू!”

साहेबांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो. ते शिंकले. परत शिंकले. रुमाल काढून नाक, चष्मा आणि कपाळ पुसलं. मग जड आवाजात म्हणाले,

“स्पेलिंग?”

“एस टी ए आर टी ई डी.”

“बस खाली. सगळ्यांना मधली सुट्टी. नारळ सरपंचांना परत द्या.”

पोरं बाहेर गेली. आबा अंगणात जाऊन शिंकत बसले. आत आम्ही दोघंच उरलो, खिडकीतलं गाव मात्र जागचं हललं नव्हतं.

“जेवायचा आणि धुवायचा?” साहेबांनी विचारलं.

“काय साहेब?”

“वेड पांघरू नका. मागं बसून पोरांची कुजबुज ऐकली मी. मी वीस वर्षं मास्तर होतो. आम्ही उजव्याला गंधाचा हात म्हणायचो. माझ्या वेळच्या दिपोट्यानं असाच पकडला होता मला. युक्ती जुनी आहे, गुरुजी, तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही. मला एवढंच सांगा, वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी तुम्ही धुवायच्या हातात का घातलीत?”

“मी नाही घातली, साहेब. मलाच कळत नाही. तिला सगळं येतं.”

“बोलवा तिला.”

हौसा आली. मारच बसणार या तयारीनं आली होती, दोन्ही तळहात पुढं करून.

“हौसा, येत होतं तर धुवायचा हात का वर केलास?”

तिला माझा रागच आला असावा. “न्हाय गुर्जी. मी जेवायचाच केला.”

“अगं, हा जेवायचा.” मी उजवा दाखवला.

“तो तुमचा.” तिनं उजवं मनगट माझ्यापुढं धरलं. हाड वाकडं सांधलं होतं. “ह्यो तोंडाकडं वळत न्हाय. लिवता येतंय, घास घेता येत न्हाय. दिवाळीपासनं मी डाव्यानंच जेवती. आई शिव्या देती, आजीनं माजं ताट येगळं मांडलंय. तुमी म्हनलात, ज्या हातानं रोज जेवतो त्यो. मी इचारलं बी हुतं.”

विचारलं होतं. आणि मी तिला सांगितलं होतं की असले प्रश्न विचारू नकोस.

चार महिने ती माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसत होती. तिला किती स्टार्ट येतात ते मला माहीत होतं. ती जेवते कुठल्या हातानं, ते माहीत नव्हतं.

साहेबांनी शेरेबुक ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. “पाचवीला किती पोरं येतील?”

“अकरा.”

“नियमानं जास्त लागतात. अकरावर मी ओढूनताणून बसवतो. दहावर माझ्याच्यानं होणार नाही. अकरा नक्की?”

“धा,” खिडकीतून गेनबा म्हणाला. “हौसा न्हाय यायची.”

साहेबांनी मान वर केली. “का हो?”

“सायेब, तुमी ऐकलं की आत्ता तिच्याच तोंडून. चौथीनंतर सकाळचं घरकाम बी तिच्यावर येनार. वर शाळा बी केली तर खिट्टी कोन धरनार? दीड एकर गहू हाय. पाचवी आली म्हून गहू पानी प्यायचा थांबत न्हाय.”

“तुमचा मुलगा?”

“त्यो?” गेनबानं कपाळावर हात मारला. “नाम्या वो त्यो. शाळा स्टार्ट्स ॲट इलेव्हन वाला. त्याला खिट्टी दिली की ह्यो आधी सोडतो, मग इचारतो, सोडू का?”

हौसा जमिनीकडं बघत पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होती. अंगणात आबांची पुन्हा एक शिंक झाली.

“इंजिन किती वाजता स्टार्ट करता?” मी विचारलं.

“साडेसा, सात.”

“शाळा अकराला. खिट्टी मी धरतो.”

गेनबानं मला वरून खाली बघितलं. “तुमी?”

“मी.”

“गुर्जी, ते खडू धरल्यागत नसतंय.”

“तुमची पोरगी शिकवेल मला.”

गेनबानं गजांतून माझे हात न्याहाळले. मागून कुणीतरी म्हणालं, “आरं, फुकाट गडी मिळतोय, तो बी सरकारी!” त्यावर खिडकी हसली आणि गेनबाही हसला. “बगा बुवा. बोट गेलं तर सरकारकडं मागायचं, माझ्याकडं न्हाय.”

साहेबांनी शेरा लिहिला. “पाठ पाहिला. शिक्षकाच्या युक्त्या जुन्या आहेत, विद्यार्थ्यांच्या नव्या. अकरा विद्यार्थ्यांवर पाचवीचा वर्ग सुरू करण्याची शिफारस करीत आहे.” सही केली आणि सांडलेल्या तपकिरीतली टेबलावरची चिमूटभर गोळा करून डबीत भरली. आबांनी दारातच नारळ आपटला. सार्वजनिक विहिरीच्या दोन नारळांनंतर तरसवाडीत पूर्ण झालेलं पहिलं काम ते.

पुढं तीन वर्षं, हौसा सातवी होईपर्यंत, मी ती खिट्टी धरली. पण सांगण्यासारखा पहिला दिवस.

साहेब गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी साडेसहाला मी विहिरीवर हजर झालो. धोतर खोचलेलं, टोपी घरी ठेवलेली. गेनबानं हातावर थुंकून हँडल उचललं. हौसा पाटाच्या कडेला दगडावर बसली होती, डाव्या हातात भाकरीचा तुकडा.

“गुर्जी, खिट्टी वर धरा. नुस्ती धरा. तिला काय शिकवू नगा.”

मी धरली. गेनबा फिरवायला लागला. चाक कुरकुरलं, हललं, फिरलं. मला वाटलं, आला वेग. मी सोडली.

हँडल उलटं आलं. गेनबानं वेळेवर हात काढला, पण तोल गेला, आणि तो बैलासारखा पाठीवर पाटात पडला. पडल्या पडल्या त्यानं मला जी काही विशेषणं लावली, ती पोस्टमास्तरांच्या डिक्शनरीत नव्हती.

“घाई केलीत,” हौसा घास चावत म्हणाली. “वेग आला असं वाटलं की सोडायची न्हाय. चाकाचा आवाज बदलतो. आधी घर्र घर्र करतं, मग सूं सूं. सूं सूं झालं की मनात पाच मोजायचे.”

दुसऱ्यांदा मी पाच मोजले. मोजता मोजता मास्तरकी अंगात आली आणि दहापर्यंत गेलो. तोवर गेनबाचा दम संपला, चाक मंदावलं आणि इंजिन एकदा फुर्र करून गप झालं. गेनबा हँडलवर डोकं टेकून म्हणाला, “गुर्जी, त्या दिपोटीला परत बोलवा. धाच पोरं लिवा म्हनावं.”

मी हौसाकडं बघितलं. ती हसली नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात परकराला पुसला, उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हाताची घडी घातली. मी वर्गात उभा राहतो, अगदी तशी.

“आत्ता मी काय सांगितलं ते कळलं का, गुर्जी? खरं सांगायचं. कळलं आसंल तर जेवायचा हात वर करा. न्हाय तर धुवायचा.”

गेनबा हँडलवरून मान वर करून बघत होता. मी खिट्टी सोडली आणि डावा हात वर केला. कानाला लावून, ताठ.

“मग परत पयल्यापासनं,” हौसा म्हणाली. “बा, उचल हँडल.”